चुकीच्या खोलीतलं पुस्तक

नागभीडच्या आमच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते वाचकाला लगेच दिसत नाही. आधी ते ब्रह्मपुरीला बाइंडिंगला जातं. छापून, शिवून, कव्हर लावून आलेलं कोरं पुस्तक! तिथे बिरजू बाइंडर त्याचं मूळ कव्हर फाडतो, दोन्ही बाजूंना पुठ्ठा चढवतो, पाठीला लाल रेक्झिन लावतो आणि सगळी पुस्तकं एकाच आईची लेकरं असल्यासारखी परत पाठवतो. मग आमचे ग्रंथपाल वामनराव रंगारी त्यांच्यावर खाकी कागद घालतात. पाठीवर नंबर चिकटवतात. एवढं झाल्यावर कादंबरी कोणती आणि शेळीपालन कोणतं, हे फक्त वामनरावांना कळतं.

मी या वाचनालयाची सचिव आहे. दुसरं कोणी व्हायला तयार नाही म्हणून आहे. खाकी कागदावरून माझं आणि वामनरावांचं किती वेळा वाजलं असेल, त्याची मोजदाद नाही.

"अहो, कव्हर बघून माणूस पुस्तक उचलतो," मी म्हणते.

"उघडं पुस्तक मी मांडणीवर नाई ठेवत, बाई," ते म्हणतात. विषय संपला.

वामनराव मूळचे चिमूरकडचे. वडील धानाच्या बांधीत मजुरी करायचे. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांनी घरात एक पुस्तक आणलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पुस्तक पांढऱ्या फडक्यात बांधून फळीवर ठेवलेलं असायचं. पुढे वामन शाळेत जायला लागला, तेव्हा दर रविवारी वडील हात धुऊन फडकं सोडायचे, मुलाकडून एक पान वाचून घ्यायचे आणि पुन्हा गाठ मारायचे. हे मला त्यांच्या आईने, बायनाबाईंनी सांगितलं. वामनराव स्वतःबद्दल काही सांगत नाहीत, रॅकबद्दल सांगतात. तेव्हा पुस्तकाला कपडे का घालायचे, हे मला कळतं. कळलं म्हणून चिडणं थांबत नाही.

त्यांची बायको नूतन अंगणवाडीत आहे. ती मला एकदा म्हणाली, "घरी सगळ्या डब्यायले नंबर लावून झाले, बाई. आता मीच राह्यली."

तर गेल्या दिवाळीच्या आधी इथला प्रणित नावाचा मुलगा, जो हैदराबादला नोकरी करतो, त्याने घर बदलताना दोन खोकी भरून पुस्तकं वाचनालयाला पाठवली. सगळी चित्रांची. पण लहान मुलांची नव्हेत. जाडजूड, काळ्या-पांढऱ्या रेघांची, मोठ्यांची सुखदुःखं सांगणारी. निम्मी जपानी चित्रकथांची हिंदी भाषांतरं होती. त्यांना मांगा म्हणतात, आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, म्हणजे आपल्या पुस्तकाचं जे शेवटचं पान तिथून सुरुवात करायची, हे प्रणितने मला फोनवर नीट समजावून सांगितलं. मी ते वामनरावांना नीट समजावून सांगितलं. वामनरावांनी ते बिरजूला सांगितलं नाही. बाइंडरला पुस्तक वाचायचं नसतं, तर त्याला कशाला सांगायचं, हा त्यांचा विचार.

खोकी उघडली तेव्हा मी समोर होते.

"चित्रं आहेत," वामनराव म्हणाले. "बालविभाग."

"वामनराव, ही मोठ्यांची आहेत."

"चित्रं आहेत न?"

"आहेत. म्हणून?"

"मंग बालविभाग. मोठ्या मानसाले चित्र काऊन लागते?"

मी म्हटलं, मंगळवारच्या पेपरात नेत्यांची चित्रं असतात ती तुम्ही अर्धा अर्धा तास बघता. त्यावर ते हसले, आणि पुस्तकं बालविभागाच्या यादीत चढवून बाइंडिंगला पाठवून दिली. पातळ पुस्तक लोक वळकटी करून खिशात घालतात, म्हणून तीन-तीन भाग एकत्र बांधायला सांगितले.

आता आमच्या बालविभागाबद्दल. ती मागची खोली. बुटकी बाकं, भिंतीवर ससे, आणि वामनरावांचा नियम: या खोलीतलं पुस्तक घरी न्यायचं तर बाल सभासदाचंच कार्ड पाहिजे. मोठ्या माणसाला ते मिळत नाही. नियम कोणी केला, कधी केला, कोणाला ठाऊक नाही. पण वामनराव तो असा पाळतात की जणू लोखंडात ओतून घेतला आहे.

या नियमात निकेश अडकला.

निकेश ढिवर आहे. गावाबाहेरच्या तलावावर त्यांच्या सोसायटीची मासेमारी चालते. वय तिशीच्या पुढे. शाळा सातवीनंतर सुटली. त्याची बायको रुपाली माझ्याकडे दर आठवड्याला मासे घेऊन येते. निकेश वाचनालयात यायचा तो पेपरातलं भरतीचं पान बघायला. एकदा तो मागच्या खोलीत मुलीला, दुर्गाला, शोधायला गेला आणि त्याच्या हातात ते लाल रेक्झिनचं पुस्तक पडलं. जपानमधल्या एका खाडीवरच्या मासेमार बापलेकाची गोष्ट. सहा भाग, दोन जाड पुस्तकांत बांधलेले. निकेश उभ्याउभ्या वाचत राहिला. दुर्गा कंटाळून घरी निघून गेली तरी त्याला कळलं नाही.

त्याने पुस्तक मागितलं. वामनराव म्हणाले, कार्ड? तो म्हणाला, माझं आहे न. वामनराव म्हणाले, तुझं मोठ्यांचं आहे. मग त्याने दुर्गाच्या नावाने कार्ड काढलं. वामनराव म्हणाले, ज्याचं कार्ड त्यानं यावं. दुर्गा पहिलीत. दोन-तीनदा आली, मग म्हणाली, मले खेळाचं आहे. तेव्हा निकेश संध्याकाळी जाळं आवरून यायचा आणि त्या मागच्या खोलीत, बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन, पोरापोरींच्या मध्ये बसून वाचायचा. इथे कोणाचं काही चुकलं का? नियम पाळला गेला. पुस्तकही वाचलं गेलं. फक्त ते बघून कोणालाही विचित्र वाटेल, एवढंच.

आणि वाटलं. आमच्या कार्यकारिणीत माधवीताई आहेत. त्यांची दहा वर्षांची मुलगी त्या खोलीत बसते. जानेवारीच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "एक मोठा माणूस रोज पोरींच्या खोलीत येऊन बसतो. मला ते बरं वाटत नाही. तुम्हाला वाटतं का?"

माधवीताईंना मी दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, जरा मोठ्याने विचारलं असतं. बालविभागात मोठ्यांनी बसू नये असा ठराव झाला. तो योग्यच होता. मी तेव्हाच म्हटलं, मग ती पुस्तकं पुढच्या हॉलमध्ये हलवा, म्हणजे निकेशला बसायला जागा होईल. वामनराव म्हणाले, "पाहतो." वामनराव "पाहतो" म्हणाले की ती गोष्ट कोणीच पाहत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

ठरावाची माहिती निकेशला द्यायची होती. साधी गोष्ट. बाजूला घेऊन सांगायचं, बाबा असं असं ठरलं आहे, तू पुढे बसत जा, पुस्तक मी तिथे आणून देतो. वामनरावांनी काय केलं? पाटी रंगवली. सुंदर अक्षरात. "बालविभागात प्रौढ पुरुषांस बसण्यास सक्त मनाई आहे." आणि ती लावली कुठे? बाहेर, रस्त्याकडच्या दारावर.

गावात त्या खोलीत बसणारा प्रौढ पुरुष एकच होता.

मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. परत आल्यावर पहिल्याच दिवशी रुपाली दाराशी आली. टोपलं खाली ठेवलं, पण त्यावरचं फडकं काढलं नाही.

"बाई, आज मासे नाई देत तुमाले. आधी मले एक सांगा. माह्या मानसानं काय केलं?"

"काय झालं गं?"

"तुमीच सांगा काय झालं. बाजारात लोकं म्हणते, पोरींच्या खोलीतून हाकललं म्हणे तुह्या नवऱ्याले. काऊन हाकललं, विचारते. मंग एकामेकाकडं पाहून हासते. तो घरी बोलून नाई राह्यला. तलावावर जाते, येते, भिंतीकडं तोंड करून झोपते. शाळेत पोट्टे दुर्गाले विचारते, तुह्या बापानं काय केलं?"

"काही केलं नाही त्याने. पुस्तक वाचत होता."

"मंग पाटीवर तसं लिहा न!"

तिने टोपलं डोक्यावर घेतलं आणि गेली. शेजारच्या घरी जाऊन मासे विकले.

डोळ्यावर काळा चष्मा होता तशीच मी वाचनालयात गेले आणि पाटी खिळ्यावरून ओढून काढली. वामनराव धावत आले.

"ठरावाची पाटी आहे ते, बाई!"

"ठरावात पाटी नव्हती. ठरावात अक्कल वापरायची नाही असंही नव्हतं."

बाजारात काय चाललं आहे ते मी त्यांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वामनराव बाजारात जात नाहीत, नूतन जाते, आणि नूतनने सांगितलं असेल तर ते तेव्हा कुठल्यातरी पुस्तकावर खळ लावत असतील.

"त्यानं काई केलं नाई," ते म्हणाले.

"हे मला कशाला सांगता? ती पुस्तकं आधी त्या खोलीतून काढा."

"काढून कुठी ठेवू?"

त्यांचा प्रश्न खरा होता. वामनरावांच्या जगात पुस्तक जागेशिवाय राहू शकत नाही. कथा-कादंबरीत ठेवावं तर त्यात चित्रं. नागपूरच्या प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की चित्रकथेला चित्रकलेचा नंबर द्यायचा. आमच्याकडे चित्रकलेच्या नंबरावर दोनच पुस्तकं आहेत, एक रांगोळीचं आणि एक मेंदीचं. ती महिला विभागाच्या कपाटात.

"म्हणजे निकेशने आता मेंदीवाल्या बायकांत जाऊन बसायचं?" मी विचारलं.

वामनराव गंभीरपणे म्हणाले, "मंग वाचूनच पाहतो. वाचल्याशिवाय जागा नाई देता येत."

एवढी वर्षं जागा देत होते ते काय वास घेऊन, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. वामनराव निकेशचं ते पुस्तक घरी घेऊन गेले. चार दिवसांनी माझ्याकडे आले ते वैतागून.

"बाई, हे काय पुस्तक होय? पहिल्याच पानावर बाप बुडून मेला. मंग तो जिता झाला, दारू पेऊन राह्यला. मंग त्याचं पोट्टं लहान लहान होत गेलं. मंग बायको नांदाले आली. आणि मधातच अचानक तेच पोट्टं मिशीवालं!"

मी पुस्तक हातात घेतलं आणि डोक्याला हात लावला. बिरजूला वाटलं होतं, छापखान्याने कव्हर उलटं लावलं आहे. म्हणून त्याने कव्हरं फाडून पुस्तक आपल्यासारखं, म्हणजे डावीकडे पुठ्ठा उघडेल असं, सरळ करून बांधलं होतं. त्यात तीन भाग एकापुढे एक. म्हणजे पहिला भाग वाचायचा तर पुस्तकाच्या पहिल्या हिश्शाच्या शेवटी जायचं आणि तिथून उलटं पुढच्या पुठ्ठ्याशी यायचं. मग दुसऱ्या हिश्शाच्या शेवटी जायचं, पुन्हा उलटं यायचं. वामनराव आपले पहिल्या पानापासून सरळ वाचत गेले होते.

"आणि त्या निकेशनं पुस्तकात दोरे घालून ठेवले," वामनराव कुरकुरले. "जाळ्याचे. पानाले वळ पडले."

मी बघितलं. नायलॉनचे तीन निळे दोरे. प्रत्येक भाग जिथून सुरू होतो, नेमके तिथे. म्हणजे हा माणूस आठवडेच्या आठवडे असा पुढेमागे उड्या मारत गोष्ट वाचत होता आणि एका शब्दाने कोणाला बोलला नव्हता. त्याला वाटलं असेल, वाचनालयात पुस्तकं अशीच असतात. आमच्याकडचं एकूण काम बघता त्याला तसं वाटलं तर नवल नाही.

"या दोऱ्यांवरून वाचा," मी म्हटलं. "पहिल्या दोऱ्यापासून मागे. मग दुसऱ्या."

पुन्हा चार दिवस. या वेळी आले तेव्हा वैतागलेले नव्हते. डोळे लाल होते. गोष्टीतला बाप अडाणी असतो आणि पोरगा त्याला होडीवर बसून वाचून दाखवतो, असा एक भाग आहे, हे मला प्रणितने सांगितलं होतं. वामनराव म्हणाले, "बरं लिवलं आहे." मग लगेच आवाज चढला. "पण त्यात बाळंतपण काढलं आहे, जी! आणि हे मी लेकरायच्या खोलीत ठेवलं होतं!"

मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर प्रणितची झाडून सगळी पुस्तकं लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली वामनरावांच्या करदोट्याला.

"आता हे कोण वाचणार? झुरळं?"

"मागंल त्याले काढून देईन."

"आत काय आहे ते दिसत नाही, तर मागणार कोण? आणि निकेश मागेल? तुमच्या पाटीनंतर? कुलपातल्या पुस्तकाचं नाव घ्यायला तो येईल आणि बाजारात काय म्हणतील, की आता कुलपातलं वाचतो?"

त्यांनी करदोट्याची किल्ली मुठीत धरली.

"वामनराव, चित्र हा पुस्तकाचा आकार आहे. वाचणाऱ्याचं वय नाही. लेकरांची गोष्ट असेल तर लेकरांत ठेवा, मोठ्यांची असेल तर मोठ्यांत. एवढं सोपं आहे. तुम्ही शब्दांच्या पुस्तकांचं तेच करता."

"सोपं नाई, बाई," ते म्हणाले. "प्रत्येक वाचाव लागन."

"मग वाचा!"

त्यांनी वाचली. पूर्ण फेब्रुवारी वाचत होते. देवघेव बंद पडायची वेळ आली, लोक काउंटरवर उभे आणि आमचे ग्रंथपाल मांगात. मध्येच स्वतः एसटीने ब्रह्मपुरीला जाऊन बिरजूशी भांडून आले. बिरजू म्हणाला म्हणे, "उलटं छापलेलं मी सरळ करून देल्लं, भाऊ, आणि वरून मीच बोलणं खाऊ?" पण त्याने सगळे भाग सोडवून वेगवेगळे बांधून दिले, उजवीकडून उघडणारे. मूळ कव्हरं कधीच रद्दीत गेली होती. वामनरावांनी खाकी कागद घातला, आणि प्रत्येकावर लाल शाईने एक बाण काढला. "इकडून उघडा."

मग पेपरच्या टेबलाजवळचं एक रॅक रिकामं केलं. वर चिठ्ठी लावली: "चित्रकथा (मोठ्यांच्या)". तीन-चार पुस्तकं लेकरांची निघाली, ती मागच्या खोलीत परत गेली. हे सगळं झालं. निकेश काही आला नाही.

"निरोप पाठवला का?"

"पाठवला. येत नाई म्हणते."

"पाटी रस्त्यावर लावली होती. निरोप कसला पाठवता? चला, उठा."

वामनरावांच्या स्कूटरवर मागे बसून मी तलावावर गेले. या वयात हे मला करायला लागलं, हे मी त्यांना जाताना आणि येताना दोन्ही वेळा ऐकवलं. त्या दिवशी मोठं जाळं ओढलं होतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सोसायटीची माणसं, बाया, माशांचे वाटे, गलका. निकेश कमरेपर्यंत ओला, रोहू-कतला वेगळे करत होता. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली. रुपालीने घातली नाही.

कोणीतरी ओरडलं, "काय गा निकेश, ग्रंथपाल पकडाले आला तुले?" लोक हसले.

मला वाटलं, आता वामनराव बाजूला घेऊन पुटपुटतील. पण ते पुस्तकांची पिशवी छातीशी धरून तिथेच उभे राहिले आणि पेपरची वेळ संपली हे हॉलभर सांगतात तशा आवाजात बोलले.

"निकेशभाऊ, चुकीच्या खोलीत तू नाई बसला. पुस्तक बसलं होतं. आणि ते मी बसवलं. मोठ्यायचं पुस्तक होय ते. लेकरायच्या खोलीत ठेवलं, म्हणून तुले तिथी जाव लागलं. आता पुढं आणलं. पाटी माही चूक होती." मग सगळ्यांकडे वळून, "ऐकलं न जी सगळ्यायनं? का फिरून सांगू?"

कोणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "पुस्तकाच्या मागं एवढं होते काय, बाप्पा." रुपालीने पदराने तोंड पुसलं आणि वाटे करायला बसली. निकेश वर बघत म्हणाला, "पाचवा भाग आणला काय, भाऊ? पोट्टं वादळात होतं."

वामनरावांनी पिशवीतून पाचवा भाग काढला. निकेश पुढे आला. वामनरावांनी पुस्तक मागे घेतलं.

"हात धुवाचे."

निकेशने तलावात हात धुतले. वामनरावांनी खिशातला रुमाल दिला. त्याने पुसले. वामनराव म्हणाले, "कार्ड?"

"दुर्गाचं आहे न, भाऊ."

"तिच्या कार्डावर नाई आता. पुस्तक मोठ्यायच्यात गेलं."

"माह्या कार्डाची मुदत सरली. इतके दिस मी आलोच कुठी?"

"मंग फोटो घेऊन ये. नवं करून देतो."

मी पाळीवर उभी होते, उन्हात, काळा चष्मा लावून. मी म्हटलं, "वामनराव, माझ्या कार्डावर द्या. आत्ता. या क्षणी."

वामनरावांनी माझ्याकडे अतिशय दुःखाने पाहिलं.

"तुमच्याकडं दोन आहेत, बाई. एक परत केल्याशिवाय तिसरं नाई देता येत."

रुपाली मोठ्यांदा हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच. मग निकेश हसला, मग सगळी पाळ हसायला लागली, आणि वामनराव पुस्तक छातीशी धरून, काय झालं ते न कळून, सगळ्यांकडे बघत उभे.

मी स्कूटरवर बसून घरी गेले. निम्मी वाचून झालेली कादंबरी उचलली, ती परत केली आणि पाचवा भाग माझ्या नावावर घेतला. अंधार पडायच्या आत रुपालीच्या घरी नेऊन दिला. तिने मला बाहेर खाटेवर बसवलं आणि न विचारता दोन रोहू पिशवीत टाकले. आत निकेश बल्बखाली बसला होता. पुस्तकावर लाल बाण असूनही दुर्गा त्याला सांगत होती, "बाबा, इकडून नाई, तिकडून."

कादंबरीचा शेवट मला अजून कळलेला नाही. दुसऱ्या दिवशी मागायला गेले तर वामनरावांनी ती पुन्हा बाइंडिंगला पाठवली होती.